दोन खुणांमधला नाद

श्रोतेहो, तंबोऱ्याची जवारी लावतांना मिरजेच्या एखाद्या कारागिरास आपण कधीं पाहिलें असेल. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा केसभर पुढें, केसभर मागें सरकवावयाचा, आणि मुका सूर एकाएकीं बोलूं लागावयाचा. तार तीच, भोपळा तोच, पण आवाजाची जात बदललेली. विजेच्या गिटारला भोपळा नाहीं. तिचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. मग तिच्या आवाजाची जात बदलावयाची कोठें? तर तारांखालीं बसविलेल्या एका लहानशा पेटींत. तिला पिक्-अप म्हणतात. या पेटीशीं वादकांनीं आणि कारागिरांनीं जे खटाटोप केले, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

पेटीची रचना साधी आहे. आंत लोहचुंबक, आणि त्याभोवतीं अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची पोलादी तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. तीच ध्वनिवर्धकांतून नाद होऊन बाहेर पडते. अमेरिकेंत जॉर्ज बीचम यांनीं १९३१ च्या सुमारास हवाईयन गिटारसाठीं अशी पेटी सिद्ध केली. तिचें पेटंट त्यांना १९३७ सालीं मिळालें. पेटी घोडीजवळ असली तर आवाज पातळ व धारदार येतो, मानेकडे असली तर गोल व भरदार. कारण तारेच्या निरनिराळ्या भागीं उपस्वरांचें प्रमाण निराळें असतें.

परंतु वेटोळें बिचारें भोळें. तारेची थरथर कोणती आणि भिंतींतल्या विजेची घरघर कोणती, हें त्याला कळत नाहीं. जुन्या रेडिओंतली घूं-घूं ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना ही पीडा समजावून सांगावयास नको. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं तिच्यावर तोड काढली. त्यांनीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेविलीं. एकाला चुंबकाचें उत्तर टोंक दिलें, दुसऱ्याला दक्षिण, आणि दोहोंची जोडणी परस्परविरुद्ध केली. बाहेरची घरघर दोहोंत सारखीच शिरते, म्हणून जोडणींत ती आपोआप खोडली जाते. तारेचा नाद मात्र चुंबकामुळें एकदां उलटतो व जोडणीमुळें पुन्हां उलटतो, म्हणून त्याची बेरीज होते! १९५५ च्या जूनमध्यें त्यांनीं अर्ज केला आणि १९५९ च्या जुलैंत पेटंट मिळालें. मधल्या काळांतील पुष्कळ पेट्यांच्या तळाशीं 'पेटंटसाठीं अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटविलेली असे. घरघर गेली; पण तिच्याबरोबर आवाजाची धारहि थोडी बोथट झाली. दुहेरी पेटी तारेचा अधिक रुंद भाग ऐकते, त्यामुळें उंच उपस्वर मंदावतात.

लिओ फेंडर यांची वाट निराळी होती. १९५४ सालीं त्यांनीं स्ट्रॅटोकॅस्टर नांवाची गिटार बाजारांत आणली. तिच्यांत एकेरी वेटोळ्याच्या तीन पेट्या आणि तीन खुणांचा एक खटका होता. एका वेळीं एकच पेटी बोलावी, ही निर्मात्याची योजना. वादकांनीं मात्र खटका दोन खुणांच्या मध्यें अडकवून ठेवावयास आरंभ केला. तेथें दोन पेट्या एकदम बोलूं लागत. एकाच तारेला त्या दोन जागीं ऐकत. कांहीं उपस्वर परस्परांस मारून टाकीत, आणि किंचित् पोकळ, नाकांतला असा एक नवा नाद निघे. अमेरिकन वादक त्याला बदकाची उपमा देतात. उपमा गौरवाची नव्हे, पण कानाला पटते. मला स्वतःला या साऱ्या इतिहासांत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कारखान्यानें पांच खुणांचा खटका दिला तो १९७७ सालीं, म्हणजे तब्बल २३ वर्षांनीं!

पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्यें मानेकडील पेटींतला चुंबक उलटा बसलेला आहे. दोन्ही पेट्या एकदम लावल्या कीं एकीचा नाद दुसरीस कापतो, खर्ज ओसरतो, आणि दूरवरून कोणी विव्हळावें तसा स्वर उमटतो. ती गिटार पुढें गॅरी मूर यांनीं वाजविली. २०१४ सालीं ती कर्क हॅमेट यांनीं विकत घेतली. चुंबक सरळ करण्याच्या फंदांत कोणी पडलें नाहीं.

१९७० नंतरच्या दशकांत लॅरी डिमार्झिओ व सीमोर डंकन यांच्यासारखे कारागीर सुट्या पेट्या करून विकूं लागले, आणि डाख देतां येणारा प्रत्येक हौशी वादक आपल्या गिटारचा वैद्य बनला. एडी व्हॅन हेलन यांनीं फेंडरच्या घाटाच्या गिटारला गिब्सनची दुहेरी पेटी बसविली. त्या जोडकामाचा आवाज १९७८ सालच्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत ऐकावयास मिळतो.

दुहेरी पेटींतून एकेरी धार परत मिळवावी, ही हौसहि त्याच काळांत बळावली. त्यासाठीं दोन वेटोळ्यांच्या सांध्यापासून एक तार बाहेर काढावी लागते. नव्या पेट्यांना तशा तारा जोडूनच येतात. चिठ्ठीवाल्या जुन्या पेट्यांना मात्र बाहेर येणारी तार एकच; ती पेटी उघडून आंतला सांधा तोडल्यावांचून गत्यंतर नसतें. १९६० नंतर ज्यांनीं बेधडक तसें केलें, त्यांना पुढें हळहळण्याची पाळी आली. कारण न उघडलेल्या तशा पेट्यांना आज संग्राहक हजारों डॉलर मोजतात. पण ज्याला उद्यां मैफलींत वाजवावयाचें आहे, त्यानें पेटी जपावी कीं आवाज मिळवावा? माझा कौल आवाजाकडे आहे, आणि तो देतांना माझ्या घरीं तशी एकहि पेटी नाहीं, हें कबूल केलेलें बरें.

हा बदल केलेल्या गिटारवर बहुधा आवाजाचेंच एक बटण वर ओढतां येतें. तें ओढलें कीं एक वेटोळें निजतें. नाद पातळ, लखलखीत होतो. आणि वादक थांबला असतां ध्वनिवर्धकाशीं कान नेला, तर लव्हर यांनीं १९५५ सालीं हांकलून दिलेली ती घरघर हळूच परत आलेली ऐकूं येते.