जुन्या गोव्याची वाट : ख्रिस्ती माणसाने यात्रेला जावे का?



नोव्हेंबर संपत आला की सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, बेळगाव, खानापूर या भागांतून भाविकांचे जथे पायी गोव्याकडे निघतात. बांद्याहून येणारी वाट पत्रादेवीला पेडणे तालुक्यात शिरते, धारगळ ओलांडते आणि कोलवाळच्या पुलावरून म्हापशाकडे वळते. घाटावरून चोर्ला उतरून येणारी वाट साखळी-डिचोलीकडे जाते. २४ नोव्हेंबरला नोवेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे, आपल्या ‘गोंयच्या सायबाचे’ फेस्त असते.

याच दिवसांत एक प्रश्नही दरवर्षी ऐकू येतो. देव सगळीकडे आहे, मग त्याला भेटायला इतकी पायपीट कशाला? कधी प्रॉटेस्टंट मंडळीतला एखादा मित्र विचारतो, कधी आपल्याच धर्मग्रामातली तरुण मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे. तो श्रद्धाहीनांचा आहे असे म्हणून झटकून टाकू नये, कारण तो पहिल्यांदा विचारणाऱ्यांत आपल्या मंडळीचे थोर संतच होते.

आधी पवित्र शास्त्राकडे पाहू. मरिया आणि योसेफ दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमेस जात, हे संत लूक सांगतो. बाळ येशू बारा वर्षांचा असताना हरवला आणि मंदिरात सापडला, तो अशाच एका यात्रेत. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेची चढण चढणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात. पण हाच प्रभू पुढे याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलतो. उपासना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, असे ती विचारते. प्रभू तिला दोन्हींपैकी एकही जागा देत नाही. पित्याची खरी उपासना आत्म्याने आणि खरेपणाने होते, असे सांगतो. ज्याने लहानपणापासून यात्रा केली, त्यानेच देवाला एका जागेशी बांधू नका असेही सांगितले. आपल्याला या दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालायचे आहे.

इ.स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली. पुढे त्याची आई संत हेलेना पवित्र भूमीत गेली. ३३५ मध्ये प्रभूच्या कबरीवरील मंदिराचे समर्पण झाले आणि दूरदूरचे भाविक तिकडे जाऊ लागले. एजेरिया नावाच्या एका भक्त स्त्रीने त्याच शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले; ते आजही वाचायला मिळते. पण त्याच सुमारास निस्साचे बिशप संत ग्रेगरी स्वतः यरुशलेम पाहून आले आणि त्यांनी एका पत्रात सावधगिरीचा इशारा दिला. त्यांचे म्हणणे असे : प्रभूने न्यायाच्या दिवशी जी सत्कर्मे मोजायची ठरवली आहेत, त्यांत यरुशलेमेची यात्रा नाही. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. वेद्यांच्या संख्येवरून देवाचे सान्निध्य मोजायचे, तर आपला कप्पदुकिया प्रांत काही मागे नाही. संत जेरोम तर ३८६ पासून बेथलेहेमातच राहिले होते. तरी त्यांनीही एका मित्राला लिहिले की स्वर्गाचे दार यरुशलेमेतून जेवढे उघडे, तेवढेच ब्रिटनमधूनही उघडे आहे.

पुढे १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरनेही रोमच्या यात्रांवर टीका केली. घरी बायको-मुले आणि शेजारी अडचणीत असताना माणूस पैसे खर्चून रोमला जातो, आणि हे तर देवाने सांगितलेलेच नाही, अशी त्याची तक्रार होती. आपण कॅथलिक असलो तरी या तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य करायला हरकत नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने संतांच्या अवशेषांचा आदर योग्य ठरवला आणि त्यात शिरलेला अंधविश्वास व पैशाचा लोभ काढून टाकण्यासही बजावले.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. त्यांनी रुग्णालयात मुक्काम केला, आजाऱ्यांची आणि कैद्यांची सेवा केली, रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा केले. पण काही महिन्यांतच ते दक्षिणेच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांकडे निघून गेले. पुढे मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या नावेची वाट पाहत असताना, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. आपण ज्यांच्या दर्शनाला जुन्या गोव्यात जातो, ते स्वतः गोव्यात फार थोडे राहिले. लोक जिथे होते तिथे ते जात राहिले.

त्यांचा देह १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात आला. त्यानंतरचा इतिहास भक्तीचा आहे, तसाच तो भक्तीच्या हावेचाही आहे. दर्शनाला आलेल्या एका बाईने पायाचे बोट चावून तोडून नेले, अशी कथा प्रसिद्ध आहे. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला पाठवण्यात आला. तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. पुढे जेझुइटांनी देह बदलला अशी अफवा उठली, ती शमवण्यासाठी १७८२ मध्ये पहिले जाहीर दर्शन भरवले गेले. १९६४ पासून हे दर्शन दर दहा वर्षांनी होते. अलीकडचे, अठरावे, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. प्रेमाला जवळ जावेसे वाटते, स्पर्श करावासा वाटतो, हे माणसाचे मन आहे. पण ‘मलाही काहीतरी मिळाले पाहिजे’ हा हट्ट त्यात शिरला की संताच्या देहाचेही तुकडे होतात.

पेडणे आणि डिचोली हे तालुके आपल्याला याहून अवघड धडा देतात. डिचोली तालुक्यात नार्वे गावी सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतली देवळे पाडली, तेव्हा तेही गेले आणि लिंग नदीच्या अलीकडे आणले गेले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आजही नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला आणि दिवाडीहून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला जाता येते. म्हणजे डिचोलीहून या मार्गाने संत फ्रान्सिसच्या दर्शनाला निघालेला ख्रिस्ती माणूस आधी त्या देवळाशेजारून जातो, मग ते जिथून हुसकले गेले त्या बेटावरून जातो आणि मग बॉम जेझुसच्या बासिलिकेत गुडघे टेकतो.

ही वाट डोळे उघडे ठेवून चालली पाहिजे. ज्या सत्तेच्या छायेत जुन्या गोव्याची भव्य मंदिरे उभी राहिली, तिनेच शेजाऱ्यांच्या जाहीर सण-उत्सवांवर बंदी घातली होती. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालू राहिले. ते गोव्यात यावे अशी मागणी करणारे एक पत्र खुद्द संत फ्रान्सिसनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. संत म्हणजे न चुकणारा माणूस नव्हे. त्यांच्या रुग्णसेवेचे आणि निर्धनतेचे आपण अनुकरण करावे. या मागणीचे करू नये.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे भाग १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांकडे आले. तोपर्यंत काळ बदलला होता. या नव्या काबिजादीत लोकांच्या धर्मात आणि देवळांत ढवळाढवळ करणार नाही, असे वचन सरकारने दिले. म्हणून इथे देवळे टिकली, जत्रा टिकल्या, साखळीजवळचे विठ्ठलमंदिर गजबजलेले राहिले. आपली चर्चे इथे थोडी आणि ख्रिस्ती घरे विरळ आहेत. इथले ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांच्या यात्रा पाहतच लहानाचे मोठे होतात.

आणि इथेच एक वेगळी गोष्टही घडली. डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या सात बहिणींपैकी दोघी, असे लोक मानतात. शिरगावहून म्हापशाच्या चर्चला तेल यायचे आणि चर्चकडून शिरगावला मोगऱ्याची फुले जायची, अशी परंपरा सांगतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रीसचे फेस्त असते, तेव्हा मेणबत्ती लावायला हिंदू भाविकही रांगेत उभे असतात. पवित्र मरियेला आपण प्रभूची आई म्हणून मान देतो, कुणा देवीची बहीण म्हणून नव्हे. तो फरक आपल्या श्रद्धेत आहे आणि तो राहील. पण ज्या भूमीत देवळे आणि माणसे एकमेकांपासून तोडली गेली, तिथे साध्या माणसांनी तेल आणि फुले पाठवून शेजार जपला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तर मग यात्रेला जावे का? जावे, असे मला वाटते. पण ते कर्तव्य म्हणून नको, पुण्याचा हिशोब म्हणूनही नको. आपण शरीराने जगणारी माणसे आहोत. चालल्याने मन नरम होते, घराबाहेर पडल्याने आपल्या गरजा किती थोड्या आहेत हे कळते, शेकडो अनोळखी भावंडांबरोबर रोझरी म्हणताना मंडळी म्हणजे काय ते समजते. प्रभूला ते ठाऊक होते, म्हणून तोही चालला.

पण यात्रेची परीक्षा बासिलिकेच्या दारात होत नाही, ती परतीच्या वाटेवर होते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. याजक आणि लेवी यरुशलेमेकडून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर होते. पवित्र नगर मागे टाकून येणारा तो याजक जखमी माणूस पाहूनही पलीकडून निघून गेला. यात्रा झाली, पण डोळे उघडले नाहीत.

म्हणून यंदा निघण्यापूर्वी घरात कुणाशी अबोला असेल तर तो मिटवा. यात्रेसाठी कर्ज काढू नका. पवित्र भूमीच्या महागड्या सहलीसाठी तर मुळीच नको. वाटेत शेजाऱ्याचे देऊळ लागले तर आदराने पुढे जा. परत आल्यावर धर्मग्रामातल्या अंथरुणाला खिळलेल्या एका तरी माणसाला भेटा आणि त्याच्याबरोबर प्रार्थना करा.

आणि ज्यांना जाता येत नाही त्यांनी, वृद्धांनी, आजाऱ्यांनी, रोजंदारी बुडू न देणाऱ्यांनी, मनाला लावून घेऊ नये. पेडण्याच्या संत जोसेफच्या चर्चमध्ये वा डिचोलीच्या कृपामातेच्या चर्चमध्ये थोड्याशा भाविकांसमोर साजरा होणारा मिस्सा हा जुन्या गोव्यातल्या मिस्साहून तसूभरही कमी नाही. तिथे जो प्रभू भाकरीच्या रूपात हाती येतो, तोच इथेही येतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले होते, पाठमोरे, निराश. प्रभू त्यांच्याबरोबर त्याच वाटेने चालला.

हे प्रभू येशू, जे चालत आहेत त्यांच्या पायांना बळ दे, जे घरी आहेत त्यांच्या उंबरठ्यावर ये, आणि आमची वाट दुसऱ्या कुणाची वाट अडवणारी होऊ देऊ नकोस. आमेन.