पब, गुत्ता आणि पीठुं

इंग्रजी कादंबऱ्यांमुळे विलायतेतल्या खेड्याचा पब आपल्या ओळखीचा झाला आहे. बसके छप्पर, धुराने काळवंडलेल्या तुळया, दारावर रंगीत पाटी. 'पब्लिक हाऊस'चा हा संक्षेप, आणि मुळात ते घरच होते. घरधनीण बिअर आंबवी, ती तयार झाली की दारावर काठी लावी. १५५२ साली परवाने आले, तरी गिऱ्हाईक शिरे ते कुणाच्या तरी घरातच. फळीआडून पेले देणारा 'बार' पुष्कळ उशिराचा, शहराकडून आलेला.

आपला शब्द पाहा. गुत्ता म्हणजे ठेका, मक्ता. गुजरातीत दारूचे 'पीठुं', आणि लाकडाच्या वखारीलाही तोच शब्द. घराची आठवण दोन्हींत नाही!

नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसले की नवापूर, व्यारा आणि मग बारडोली. तिथले चौधरी, गामीत मोहाची दारू घरीच गाळीत. १८७८च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू आता मक्तेदाराच्या दुकानात. या भागात दुकानदार बहुधा पारशी. त्या वेळची म्हणून मला दाखवलेली दोन घरे मी पाहिली आहेत. उंच जोते, सागाचे खांब, पुढे दुकान, मागे बिऱ्हाड; मध्ये जाडजूड दार. दुकानाच्या दर्शनी भिंतीत हात जाईल एवढी खिडकी, खाली फळी. पिणारा अंगणात, उघड्यावर. घर पबसारखेच, पण गिऱ्हाइकाला आत जागा नाही. फळीपलीकडे उधारीची चोपडी असे. तिच्यातले आकडे वाढत आणि एक दिवस शेत दुकानदाराच्या नावे चढे. त्या बांधणीतली खरी भिंत मला ही चोपडीच वाटते.

नोव्हेंबर १९२२मध्ये सलाबाई देवीचे वारे सुरत जिल्ह्यात शिरले. निघाले होते ते पालघरच्या किनाऱ्यावरून, आणि आले आपल्याच डोंगरांतून. दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा. पुढे, पारशांकडे मजुरीला जाऊ नका, हाही हुकूम आला. अंगणे ओस पडली. सगळे पारशी एका माळेचे मणी नव्हते, हेही सांगायला हवे. १९३०मध्ये दारूच्या दुकानांवर निरोधन करणाऱ्या स्त्रियांच्या पुढे मिठूबेन पेटिट होत्या.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलीसुरली पीठी मिटली. १९६०नंतर गुजरातने तो कायदा चालू ठेवला. त्या दोन घरांपैकी एकात आता खताची पोती रचलेली असतात. खिडकी बुजवली आहे, पण नव्या विटांमुळे तिची जागा रस्त्यावरूनही ओळखू येते.