लेसचा धागा आणि नऊ पाळणे

आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांच्या भिंतींवर छोट्या तेरेजाचे चित्र आढळते. अंगावर कार्मेल मठाचा झगा, हातांत क्रूस आणि गुलाबपुष्पे. या कन्येची ओळख वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही. तिच्या मातेविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. बोललो तरी ‘तेरेजाची आई’ एवढ्यावर थांबतो. झेली मार्टिन ही एका व्यवसायाची मालकीणही होती. तिचा संसार आणि तिचा धंदा एकाच छपराखाली चालत होता. हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे संतपण आपणांस नीटसे उमगणार नाही, असे आम्हांस वाटते.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, आलांसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले, पुढे पोलीस दलात नोकरी केलेले. आई श्रद्धाळू, परंतु कठोर. आपले बालपण उदास गेले, असे झेलीने पुढे भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे. तारुण्यात तिने रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश मागितला. तेथील प्रमुख भगिनीने नकार दिला. तेव्हा, आपल्याला पुष्कळ मुले व्हावीत आणि ती सारी देवाला अर्पण व्हावीत, अशी प्रार्थना तिने केली. परंतु घरची स्थिती बेताची होती. हाताला काही कसब हवे होते. ८ डिसेंबर १८५१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, आलांसोंची लेस करण्याची प्रेरणा तिला झाली. १८५३ मध्ये तिने स्वतःचा व्यवसाय उभारला.

ही लेस केवळ सुई-धाग्याने होते. १६६५ साली चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने तिला राजाश्रय दिला आणि तिची कीर्ती पसरली. चर्मपत्रावर नक्षी टोचून घ्यायची, तिच्या कडेने धागा बसवायचा, मग जाळी विणायची, फुलेपाने भरायची. प्रत्येक टाक्याची कारागीर निराळी. एक चौरस सेंटिमीटर लेसला सुमारे सात तास लागतात. २०१० साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. झेलीकडच्या बायका आपापल्या घरी काम करीत आणि दर गुरुवारी ते तिच्याकडे आणून देत. ते तपासणे आणि नवे काम वाटून देणे हे तिचे काम. सर्वांत नाजूक कामही तिने आपल्याकडेच ठेवले होते: सुटे तुकडे असे जोडायचे की सांधा कोठे आहे ते दिसू नये. कोणी कारागीर आजारी पडली, तर रविवारी झेली तिच्या घरी समाचाराला जाई.

१३ जुलै १८५८ रोजी लुई मार्टिन या घड्याळजीशी तिचा विवाह झाला. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, हा लुईचा नेम. गिऱ्हाईक परत गेले तरी बेहत्तर. पहाटे साडेपाचच्या मिस्साला दोघे जात. पत्नीचा व्यवसाय इतका वाढला की १८७० साली लुईने घड्याळाचे दुकान भाच्याला विकले आणि तो लेसच्या व्यवहारात तिचा सहकारी झाला. पत्नीच्या धंद्यात पतीने हातभार लावावा, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

परंतु या यशाची किंमत झेलीने मोजली. मागणी फार आली की रात्रीचा दिवस करावा लागे. मागणी थांबली की कारागिरांना काम कोठून द्यावे, ही चिंता. तिला नऊ अपत्ये झाली. १८६७ ते १८७० या चार वर्षांत दोन पुत्र आणि दोन कन्या तिने मातीआड केल्या. पाच वर्षांची हेलेन गेली, त्याच वर्षी काही आठवड्यांची मेलानी-तेरेज गेली. या तान्हीला दूध पाजण्यासाठी दाईकडे ठेवले होते आणि तेथे तिची आबाळ झाली होती. मुले झालीच नसती तर बरे, असे सांत्वन करणाऱ्यांचे म्हणणे झेलीला पटले नाही. आपली बाळे आपल्याला स्वर्गात पुन्हा भेटतील, यावर तिची निष्ठा होती. जानेवारी १८७३ मध्ये धाकटी तेरेजा जन्मली. तिलाही वर्षभर खेड्यातील एका प्रामाणिक दाईच्या स्वाधीन करावे लागले.

आणखी एक दुःख होते. तिसरी कन्या लेओनी हट्टी, अभ्यासात मागे. आईचे प्रयत्न थकले. घरातील मोलकरीण त्या मुलीला धाकदपटशाने आपल्या मुठीत ठेवीत होती, हे झेलीला कळले ते १८७७ मध्ये, जेव्हा तिच्या स्वतःच्या छातीतील कर्करोगावर उपाय उरला नव्हता. एवढ्या दक्ष मातेच्या नजरेतून स्वतःच्या घरातलेच हे निसटले होते. त्यानंतरचे उरलेले महिने तिने लेओनीला जवळ ओढण्यात घालवले. त्या जूनमध्ये थोरल्या तिघी मुलींसह ती लूर्दला गेली. बरी झाली नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने देह ठेवला. तेरेजा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती.

पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. चौघी लिजूच्या कार्मेल मठात गेल्या. लेओनी अनेकदा प्रयत्न फसल्यानंतर काँच्या व्हिजिटेशन मठात स्थिरावली, आणि २०१५ साली तिच्याही संतपदाच्या प्रक्रियेस आरंभ झाला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पोप फ्रान्सिस यांनी झेली व लुई यांना संत घोषित केले. पतिपत्नींना एकत्रित संतपद देण्याची ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत दिव्य दर्शने फारशी नाहीत. मुलांचे ताप आहेत, लेसच्या मागण्या आहेत, थकवा आहे, आणि या साऱ्यांतून न सुटलेली प्रार्थना आहे. आमच्या धर्मग्रामांतही दुकान, शेती किंवा शिवणयंत्र सांभाळून लेकरे वाढवणाऱ्या माता आहेत. मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही, ही बोच त्यांतील कितीजणी मनाशी बाळगून असतात! अशा मातेला झेली परकी वाटणार नाही. तिच्याही हातून काही टाके निसटले होते. तरी अखेरपर्यंत ती तुटलेले जोडीत राहिली.