दुर्बिणीचं ऑपरेशन आणि बुडालेली मजुरी

या वीकेंडला जरा हॉस्पिटलकडे वळूया. अन्ननलिकेला चिकटलेली जन्मजात सिस्ट हा एक दुर्मिळ प्रकार. गर्भात अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीतून तयार होतात. त्यात गडबड झाली, की द्रवाने भरलेली एक बंद पिशवी मागे राहते. ती वाढली की घास अडकतो, धाप लागते. पूर्वी ती काढायला छातीच उघडावी लागे, फासळ्या फाकवून! आता बऱ्याच पेशंटना तीन-चार छोटी भोकं आणि दुर्बीण पुरते.

ही दुर्बीण तशी जुनीच. स्टॉकहोमच्या याकोबेयसने 1910 मध्येच माणसाच्या पोटात आणि छातीत तिने डोकावण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहेने तिच्या मदतीने पित्ताशय काढलं, तर तिथल्या सर्जन मंडळींनी त्याची टरच उडवली.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उडवाडियांनी 1972 मध्ये लॅपरोस्कोपी सुरू केली आणि 1990 मध्ये देशातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. 2023 मध्ये ते गेले. गरीब देशाला हे चोचले कशाला, असा आक्षेप तेव्हा होता. उडवाडियांचं म्हणणं नेमकं उलटं: गरिबालाच लवकर कामावर परतायची गरज जास्त.

मला हे शहापूर-मुरबाडकडे बघितलं की पटतं. आपल्याला ऑपरेशननंतर सिक लीव्ह मिळते, वर लॅपटॉप घरी असतोच. भाताच्या लावणीत चिखलात वाकणाऱ्या बाईला कुठली लीव्ह? मोठा छेद भरून येईपर्यंत हंगाम हातचा जातो.

पण गोची इथेच आहे. अशी सिस्ट सापडायला सीटी स्कॅन लागतो, काढायला छातीचा तयार सर्जन आणि भूल देणारा डॉक्टर. म्हणजे मुरबाडहून एसटीने कल्याण, शहापूरहून आसनगाव स्टेशन, आणि पुढे लोकलने मुंबई. तानसाचं पाणी शहापूर तालुक्यातून 1892 पासून मुंबईला जातंय. पेशंटही त्याच दिशेने जातात, फक्त भाडं स्वतःचं आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते.

भोक लहान झालं, हॉस्पिटलातले दिवस कमी झाले. पण निदानासाठी घातलेल्या खेपा हिशोबात धरल्या, तर पेशंटचा खर्च खरंच किती कमी झाला? माझ्या मते उडवाडियांचा मुद्दा तिथे अजून अर्धाच सिद्ध झालाय.