सिरोंचा : खडकांनी घडवलेले, खडकांनी अडवलेले

वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन झालेली प्राणहिता गोदावरीला मिळते, त्या संगमाच्या जवळ, डाव्या तीरावर सिरोंचा आहे. समोर काळेश्वर. गाव महाराष्ट्रात, बाजारातली बोली बरीचशी तेलुगू. एवढ्या टोकाच्या गावात नदीकाठी पडका किल्ला आणि इंग्रजी अमदानीचे विश्रामगृह पाहून नवखा माणूस चकित होतो.

त्याचे उत्तर नदीत आहे. 1860 च्या तहाने निजामाकडून हा डावा तीर इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. कॅप्टन ग्लासफर्ड येथे डेप्युटी कमिशनर होता. आर्थर कॉटनच्या कल्पनेप्रमाणे वऱ्हाडचा कापूस बोटींनी समुद्रापर्यंत जायचा होता. वाटेत दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी असे खडकांचे तीन अडसर होते. कालवे, बंधारे सुरू झाले. 1871 मध्ये काम सोडून दिले. 1874 मध्ये जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्याला जोडला. दोन्हींचा संबंध तारखांच्या जवळिकीपुरताच नसावा, असे मला वाटते.

येथला मऊ गोंडवनी वालुकाश्म जुन्या, कठीण खडकांच्या मधल्या खचदरीत साचला आहे. मऊ खडकावर नदी ऐसपैस, वाळूची; कठीण पट्टा आला की खळाळ. बोटी तेथेच अडल्या.

पण त्याच दगडांनी गावांना वेगळी कीर्ती दिली. प्राणहितेकाठच्या कोटा गावच्या चुनखडीतला गोड्या पाण्यातला मासा 1851 मध्ये एगर्टनने वर्णिला; नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांनीही या थरांचा अभ्यास केला. (ते 1863 मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडाले.) जुरासिक काळाचे हे थर आज जगभर ‘कोटा’ नावानेच ओळखले जातात. त्यांतलाच बारापासॉरस, 1975 मध्ये टागोरांच्या नावे नामकरण झालेला, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कोट्यातल्या शाळकरी पोराने तो पाहायचा म्हणजे कोलकाता गाठायचे!

संगमाखाली मेडीगड्डा बॅरेज 2019 मध्ये सुरू झाले. पाणी तेलंगणाचे, फुगवट्याने बुडालेल्या शेतांची तक्रार सिरोंच्याची. 21 ऑक्टोबर 2023 रोजी त्याचे काही खांब खचले. पायाखालची वाळू सरकल्याचे राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नोंदवले.