अतिसंवाहकता व चुंबकीय मूलद्रव्ये

अतिसंवाहकता व चुंबकीय मूलद्रव्ये : काही धातू, मिश्रधातू व संयुगे विशिष्ट तापमानाखाली थंड केली असता त्यांचा विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होतो व त्यांच्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर लोटले जाते. या आविष्काराला अतिसंवाहकता व त्या तापमानाला संक्रमण तापमान म्हणतात. लोह व निकेल यांसारखी चुंबकीय मूलद्रव्ये अतिसंवाहकतेला मारक असतात, असे दीर्घकाळ मानले जाई. हा समज मागे पडण्याच्या इतिहासात मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

हाइके कॅमर्लिंग-ऑनेस यांनी १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात हा आविष्कार प्रथम पाहिला. बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतानुसार अतिसंवाहकात परस्परविरुद्ध परिवलन असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात. चुंबकीय अणू या जोड्या फोडतो. म्हणून अत्यल्प चुंबकीय अशुद्धीनेही संक्रमण तापमान झपाट्याने उतरते. नव्या अतिसंवाहकांच्या शोधात आयुष्य घालविणारे बर्न्ट मॅथिआस चुंबकत्वापासून दूर राहण्याचा सल्ला देत आणि तो निराधार नव्हता. १९७७ मध्ये एर्बियम, ऱ्होडियम व बोरॉन यांच्या संयुगात अतिसंवाहकता आढळली, पण सु. १ के. (केल्व्हिन) तापमानाजवळ लोहचुंबकीय रचना निर्माण होताच ती नष्ट झाली.

टाटा संस्थेत विरल मृत्तिका मूलद्रव्ये, निकेल व बोरॉन यांच्या संयुगांचा अभ्यास चालू असता, एका यिट्रियम अणूस चार निकेल व एक बोरॉन या प्रमाणात वितळवून केलेल्या नमुन्यात सु. १२ के. ला अतिसंवाहकतेची चिन्हे दिसली. ही माहिती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा वेळी रोधाचे मापन फसवे ठरू शकते. नमुन्यात अतिसंवाहक द्रव्याचा एखादा अखंड धागा असला, तरी सर्व प्रवाह त्यातूनच वाहतो आणि उरलेले द्रव्य साधे असूनही रोध शून्य भरतो. म्हणून चुंबकीय प्रवृत्ती व विशिष्ट उष्णता यांची मापने करावी लागतात. नमुन्याचा किती भाग खरोखर अतिसंवाहक आहे, हे त्यांवरून कळते. मुंबईच्या नमुन्यात हा भाग थोडाच होता. मूळ संयुग अतिसंवाहक नसून त्यात मिसळलेले दुसरे कोणते तरी द्रव्य कारणीभूत असावे, असा त्याचा अर्थ होता. शोध घेता ते चौथे मूलद्रव्य कार्बन निघाले. कार्बन मुद्दाम घालून केलेल्या नमुन्यात संपूर्ण द्रव्यभर अतिसंवाहकता मिळाली. क्षुल्लक भेसळ म्हणून ही खूण सोडून दिली असती, तर हा संपूर्ण संयुगवर्गच हातचा निसटला असता.

आर्. नागराजन, चंदन मजुमदार, एल्. सी. गुप्ता, आर्. विजयराघवन व त्यांचे सहकारी यांचा याविषयीचा निबंध जानेवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील बी. डी. पडालिया व फ्रान्समधील सी. गोदार यांचाही त्यात सहभाग होता. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या आर्. जे. काव्हा व सहकाऱ्यांनी यिट्रियम, पॅलॅडियम, बोरॉन व कार्बन यांच्या द्रव्यात २३ के., तर ल्युटेशियमाच्या निकेलयुक्त संयुगात सु. १६·६ के. एवढे संक्रमण तापमान नोंदविले. यांतील निकेलयुक्त संयुगात विरल मृत्तिका, निकेल, बोरॉन व कार्बन यांचे अणू १ : २ : २ : १ या प्रमाणात असतात, हेही लवकरच स्पष्ट झाले.

निकेल येथे स्वतःचे चुंबकीय परिबल जवळजवळ गमावून बसते, त्यामुळे जुना नियम पूर्णपणे मोडला असे म्हणता येत नाही. परंतु यिट्रियमाच्या जागी एर्बियम किंवा होल्मियम घातल्यास त्यांची प्रबळ परिबले प्रतिलोहचुंबकीय रचनेत मांडली जातात आणि तरीही अतिसंवाहकता टिकते. डिस्प्रोशियमाच्या संयुगात तर चुंबकीय रचना सु. १० के. ला आधी होते व अतिसंवाहकता सु. ६ के. ला मागून येते.

लोहाची पाळी यानंतर आली. २००१ मध्ये प्रचंड दाबाखालील शुद्ध लोह २ के. च्या खाली अतिसंवाहक होते असे दिसले. मात्र त्या दाबाखाली ते लोहचुंबकीय राहत नाही. टोकिओ येथील हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००६ मध्ये लँथॅनम, लोह, फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या संयुगात सु. ४ के. ला अतिसंवाहकता दाखविली. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००८ मध्ये फॉस्फरसाऐवजी आर्सेनिक घेऊन व काही ऑक्सिजनाच्या जागी फ्ल्युओरीन घालून त्यांनी २६ के. गाठले. त्याच वर्षी लँथॅनमाऐवजी सॅमॅरियम वापरून सु. ५५ के. पर्यंत मजल गेली. म्यूनिक येथे बेरियम-लोह-आर्सेनाइडात काही बेरियमाच्या जागी पोटॅशियम घालून ३८ के. मिळाले. या बेरियम संयुगाची स्फटिकरचना थोरियम-क्रोमियम-सिलिसाइडाच्या नमुन्याची आहे आणि मुंबईच्या संयुगांची रचना म्हणजे त्याच नमुन्यात भरलेला कार्बन होय. हे साम्य रचनेपुरते आहे. निकेल संयुगांत इलेक्ट्रॉनांना जोडण्याचे काम स्फटिकजालकाची कंपने करतात. लोहाच्या संयुगांत ते चुंबकीय आंदोलनांकडे असावे, असे बहुतेक संशोधक मानतात.

मूळ लोहसंयुगे साध्या तापमानालाही सुमार संवाहक असून त्यांची रोधकता तांब्याच्या शेकडो पट असते. बेरियम संयुग थंड करीत गेल्यास सु. १४० के. ला त्याच्या रोधकतेच्या आलेखात एकदम वळण दिसते. तेथे स्फटिकाची सममिती बदलते व लोहाची परिबले प्रतिलोहचुंबकीय क्रमाने लागतात. भेसळ वाढविली की हे वळण खालच्या तापमानाकडे सरकत पुसट होते आणि ते मावळत असतानाच अतिसंवाहकता उगवते. [⟶ अतिसंवाहकता].