कोलेस्टेरॉलन्यूनक औषधोपचार

रक्तातील कोलेस्टेरॉलाचे प्रमाण औषधांनी कमी करून हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांस प्रतिबंध करण्याच्या उपचारास ही संज्ञा लावतात. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीरास आवश्यक असून तो शरीरातच, विशेषतः यकृतात, तयार होतो. परंतु कमी घनतेच्या वसाप्रथिनांबरोबर वाहणारे कोलेस्टेरॉल रोहिण्यांच्या भित्तींत साचत गेले, की त्या अरुंद होतात. एकदा झटका येऊन गेलेल्या, तसेच मधुमेह, अतिरक्तदाब, धूम्रपान असे अनेक धोके एकवटलेल्या रुग्णांना या उपचाराचा लाभ सर्वाधिक होतो.

आकडा उतरला म्हणजे रुग्ण वाचला, असे या उपचाराच्या इतिहासात नेहमी घडलेले नाही. ट्रायपॅरॅनॉल हे औषध मोतीबिंदू व इतर उपद्रवांमुळे १९६२ मध्ये मागे घ्यावे लागले. क्लोफायब्रेटाने कोलेस्टेरॉल घटले. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत (१९७८) ते घेणाऱ्यांत एकूण मृत्यूच अधिक आढळले.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सु. ६,००० कवके तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियम वंशातील एका कवकापासून काँपॅक्टिन मिळविले. यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीस आवश्यक असलेले एंझाइम ते रोखते. याच वर्गातील (स्टॅटिन) लोव्हास्टॅटिनाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. तरीही आयुष्य वाढते का, ही शंका उरलीच होती. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्‌रोग्यांवरील सिम्व्हास्टॅटिनाच्या चाचणीने (१९९४) ती फेडली : पाच वर्षांहून अधिक काळात औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ८ टक्के, तर इतरांत १२ टक्के होते.

भारतात वेगळ्या वाटेने शोध चालला होता. मेदोरोगावर गुग्गुळ उपयुक्त असल्याचा सुश्रुतसंहितेतील उल्लेख आधारास घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले (१९६६). पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड सिद्ध केले व ते मुंबईच्या सिप्ला कंपनीमार्फत बाजारात आले. मात्र अमेरिकेतील १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत (२००३) घातक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले. त्या व्यक्तींचा आहार पाश्चात्त्य होता, हा आक्षेप विचारार्ह आहे. पण गुग्गुळाने झटके टळतात, असे दाखविणारी मोठी चाचणी झालेली नाही. स्टॅटिनांच्या तुलनेत ही उणीव लहान नव्हे.

स्टॅटिने भारतात स्वस्त झाली ती १९७० च्या एकस्व कायद्यामुळे. या कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर केवळ कृतीला एकस्व मिळे; त्यामुळे २००५ पर्यंत देशी कारखान्यांना निराळ्या कृतीने तेच औषध करता आले. ॲटोर्व्हास्टॅटिनाचा २०११ मध्ये आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला आणि २०१३ च्या आदेशाने तिच्यातील औषधांच्या किंमतींवर नियंत्रण आले.

औषधनिर्मितीचे असे एक केंद्र रायगड जिल्ह्यात आहे. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात सिप्लाचाही कारखाना आहे. तेथून शेजारच्या कर्जत तालुक्यातील ठाकूर व कातकरी वाड्या दूर नाहीत; पण कारखाना जवळ असला म्हणून गोळी जवळ येते, असे नाही. भारताचा समावेश असलेल्या बहुदेशीय पाहणीत (२०११) हृद्‌रोग वा पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तींपैकी अल्प उत्पन्नाच्या देशांत अवघे ३·३ टक्के, तर श्रीमंत देशांत ६६·५ टक्के स्टॅटिन घेत होते. किंमत हे याचे एकच कारण नव्हे. विकार वेदनाहीन असतो, गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते आणि रक्ततपासणीसाठी वाडीवरून तालुक्याच्या गावी येणाऱ्याचा दिवसाचा रोजगार बुडतो. काहींना स्नायुवेदना होतात. गंभीर स्नायुनाशामुळे सेरिव्हास्टॅटिन २००१ मध्ये मागे घेतले गेले, परंतु इतर स्टॅटिनांत हा उपद्रव विरळा आहे. बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करणे रुग्णास अधिक धोक्याचे ठरते.

भारतीय हृद्‌रोगतज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये घातक कोलेस्टेरॉलाची मर्यादा दर १०० मिलि. रक्तामागे अधिक धोक्याच्या रुग्णांत ७० मिग्रॅ. पेक्षा कमी व अत्यधिक धोक्याच्या रुग्णांत ५५ मिग्रॅ. पेक्षा कमी अशी सुचविली आहे. स्टॅटिनाने ती गाठता न आल्यास एझेटिमाइब जोडतात. त्यापुढची टोचून देण्याची औषधे मात्र अद्याप फार महाग आहेत.